मी न मारलेली हाक

भूत, करणी, बाहेरचं... यातलं मी काही मानत नाही. गावात कोणाच्या अंगात आलं की मी उठून घरी यायची, चुलीवर दूध असायचं. हे वाचून म्हातारी चळली असं कोणाला वाटलं तर वाटू दे.

पहिल्या लॉकडाऊनची गोष्ट. सून मधुराच्या बाळंतपणासाठी मी नेदरलँड्समध्ये बेस्ट नावाच्या गावी मुलाकडे गेले आणि विमानं बंद झाली. मुलाने, अमोलने, साप पाळलेला. काचेच्या पेटीत, करंगळीएवढा जाड. त्याला उंदरांची नुकती जन्मलेली पिलं लागतात. ती विकणाऱ्याने धंदा बंद ठेवला, म्हणून अमोलने बागेतल्या शेडमध्ये उंदरांची जोडी ठेवली. पिलं उचलायची वेळ आली आणि हाच मागे सरकला.

"आई, तू गावी एवढे उंदीर मारलेस... तू काढ ना."

"साप पण मीच आणला का रे?" म्हटलं. पण काढली.

मादी पिलांवरून हलायची नाही, चावायची. मग मी युक्ती केली. मधुरासाठी डिंकाचे लाडू केले होते, त्यातला चुरा पिंजऱ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवायचा आणि म्हणायचं, "ये गं बाळंतिणी, पोटभर खा. पोरं मी बघते." ती यायची. खायला लागली की मी पिलं वाटीत घ्यायची आणि अमोलला द्यायची. पुढचं तो बघायचा.

उंदीर मारल्याचं मला काही नाही. धान्याच्या कोठीतले किती मारले असतील. पण त्यांना मी कधी लाडू दाखवून बाळंतीण म्हटलं नव्हतं.

मधुराला मुलगी झाली. तिथे बाळंतिणीकडे काही दिवस नर्स घरी येते. नर्सला वाकायला लागू नये म्हणून पलंगसुद्धा ठोकळ्यांवर उंच करतात. एका सकाळी मी शेडमधलं घरटं रिकामं करून आले, तर नर्सने बशी पुढे केली. टोस्टावर लोणी आणि त्यावर बडीशेपेच्या गुलाबी गोळ्या. मुलगी झाली की हे खातात म्हणे.

"आई, याला काय म्हणतात माहितीये? उंदराची पिल्लं!" अमोल हसला. "घे की!"

गुलाबी, इवल्या इवल्या. मी बशी तशीच ठेवली.

दुपारी नर्स गेली. अमोल कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये. मी चुरा घेऊन शेडमध्ये गेले, आज नुसतीच द्यायला. मादी आली नाही. रिकाम्या घरट्यात बसून राहिली. मी तोंडातून शब्द काढला नाही. परत आले तर मधुरा कठडा धरून जिना उतरत होती.

"टाके ओले आहेत आणि खाली कशाला आलीस?"

"तुम्हीच हाक मारलीत ना! बाळंतिणी, पोटभर खा म्हणून. आणि आई, 'पोरं मी बघते' काय? एकच तर आहे."

शेडमध्ये मधुरा कधी पाऊल टाकत नव्हती. ते शब्द मी घरात कधी बोलले नव्हते.

मी वर धावले. पाळणा रिकामा.

मधुराचं ओरडणं ऐकून अमोल आला. कपाट पाहिलं, बाथरूम पाहिलं. शेवटी मी गुडघे टेकले. पलंगाखाली, पार भिंतीच्या कोपऱ्यात, धुवायच्या कपड्यांचा गोल ढीग होता. त्यात पोर शांत झोपलेली. ओरखडासुद्धा नाही.

अमोल म्हणाला, मधुरानेच गुंगीत ठेवली असेल. टाके घातलेली बाई पलंगाखाली सरपटत जाईल? नर्सने ठेवली म्हणावं, तर ती गेल्यावर मधुराने पोरीला पाजून स्वतः पाळण्यात निजवलं होतं. मला एवढंच माहीत आहे, की उंदराच्या मादीला धोका वाटला की ती पिलं उचलून कोपऱ्यात लपवते.

मी दोघांना शेडमधलं सगळं सांगितलं. अमोलने साप देऊन टाकला. माझं परतणं लांबत गेलं, तोवर मादी म्हातारी होऊन मेली. मेली तोपर्यंत मी रोज तिला लाडू घातला... माझ्यासमोर तिने कधी तोंड लावलं नाही.

हे काय होतं, मला आजही सांगता येत नाही. मधुरा फोनवर म्हणते, "आई, या ना. मला कामावर जायचंय, पोरीला तुम्ही बघाल."

तिकिटाचं बघते, म्हणते मी. पोरीला बघते, एवढं तोंडातून निघत नाही.