पाण्यातला राम आणि पळसाची फुलं

गिरिजा गेली तेव्हा आमच्या घरचा राम पाण्यात होता. आमच्याकडे रीतच ती. घरात कोणाचं जिवावरचं दुखणं निघालं की बाईमाणसाने देव पाण्यात ठेवायचा, आणि माणूस उठून बसलं की बाहेर काढून त्याची पूजा करायची. गिरिजा माझी धाकटी जाऊ. आठ वर्षं आम्ही एका चुलीवर भाकरी केल्या आणि भांडलोही पुष्कळ. रझाकारांची धामधूम संपून चार-पाच वर्षं झाली असतील, त्या पौषात तिला मुलगी झाली आणि पाचव्या दिवशी ताप चढला. मी बोटभर उंचीचा पितळी राम पातेल्यात बुडवला आणि हात जोडून बसले. चौथ्या दिवशी ती गेली.

भेटायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची, देवाची मर्जी. मी म्हटलं, "त्याची मर्जी हाय, तशी माझीबी हाय. बसू द्या त्याला पाण्यात." ज्याने ठेवला त्यानेच काढायचा असतो, त्यामुळे दुसरं कोणी हात लावेना. माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्या रडकुंडीला आल्या. "अगं, पोरीचं बारसं अडून राह्यलंय. देव पाण्यात असताना पाळण्यात नाव कसं घालावं?"

"ऱ्हाऊ द्या बिननावाची. नाव ठेवलेली तरी कुठं ऱ्हायली?"

एके दिवशी मी ते पातेलं देवघरातून उचललं आणि अंगणातल्या चुलीशेजारी आणून ठेवलं. पाणी आटलं की वरून भर घालायची. त्याची सुटका होऊ नये, एवढ्याचसाठी. पोरीला शेळीचं दूध पाजायची, न्हाऊ घालायची, पण तिच्या तोंडाकडे बघायची नाही. फाल्गुनात माळावरचा पळस फुलला. वडीगोद्रीच्या वाटेवरून सारा माळ पेटल्यासारखा दिसे. मला त्या झाडांचा इतका संताप यायचा की मी मान फिरवून चालत असे. रंगपंचमीच्या आधी गिरिजा ओचा भरून फुलं आणायची आणि रंगासाठी भिजत घालायची. ती गेली, आणि झाडं मात्र अंगावर एक पान नसताना नवरीसारखी नटून उभी होती. लाज कशी वाटत नाही, असं मी त्यांना तोंडावर विचारलेलं आहे.

ज्वारीच्या काढणीचे दिवस होते. घरातले सगळे रानात गेले होते आणि मी पोरीपाशी होते. ऊन फार होतं. सकाळपासून पोरीची लघवी झाली नव्हती, पोट ताठ झालं होतं आणि रडून रडून तिचा आवाज बसला होता. मी तिला मांडीवर घेऊन नुसती हलत होते. तेवढ्यात दारात एक लमाण बाई पाणी मागायला आली. डोक्यावर सरपणाची मोळी होती. तिने मोळी टाकली आणि विचारलं, "लेकरू का रडून राह्यलंय?"

मी सांगितलं.

"मंग बसली काय? ऊठ की! जाळ कर."

गिरिजाच्या वेळी हे मला कोणी म्हटलं नाही. अंबडला डॉक्टर होता. गोठ्यात बैल होते. मी देव पाण्यात ठेवला आणि समजले की माझं काम झालं. गाडी जुंपा म्हणून ओरडायचं सुचलं नाही. तीन महिने मी देवावर दात खाल्ले, ते हे आठवू नये म्हणून.

मी उठले, जाळ केला. बाई पळत जाऊन ओढणीत पळसाची फुलं घेऊन आली. चुलीशेजारी भरलेलं पातेलं दिसलं, तेच तिने चुलीवर चढवलं आणि फुलं आत ओतली. मी बघत होते. मनात म्हटलं, शिजू दे त्याला.

तिने फुलं फडक्यात बांधली, आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिली आणि मग कोमट झाल्यावर पोरीच्या ओटीपोटावर ठेवली. पुन्हा काढली, पुन्हा ठेवली. किती वेळ गेला सांगता येणार नाही. एकाएकी माझं लुगडं मांडीपासून खालपर्यंत भिजलं, आणि पोरगी हुंदका देऊन गप झाली. मी पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे पाहिलं. हनुवटी हुबेहूब गिरिजाची होती.

उरलेली फुलं काढायला बाईने पातेल्यात हात घातला आणि राम वर आला. पिवळाधमक झालेला, डोक्यावर एक पाकळी चिकटलेली.

"अगं बाई, देव? हितं कसा?"

"म्या बुडवलाय. जाऊ मेली, तवा आला न्हाई मदतीला."

ती मोठ्याने हसली. "तूच बुडवून ठेवला, आन् येत न्हाई म्हणून तूच रुसली! कमाल हाय तुझी." तिने तो ओढणीला पुसला आणि माझ्या हातात दिला. तो गरम होता. मी त्याला पुन्हा पाण्यात टाकू शकले नाही.

आठ दिवसांत बारसं झालं. नाव गोदावरी ठेवलं. बहर होता तोवर मी रोज माळावर जाऊन तिच्या न्हाणासाठी फुलं वेचली. ज्या झाडांना शिव्या दिल्या त्यांच्याखाली बसून गिरिजाच्या नावाने मोकळ्याने रडले. घरात मला तसं रडता आलं नव्हतं. फुलं अंगावर पडत राहायची. त्या दिवसांत मला दुसऱ्या कोणाचा एवढा आधार नव्हता.

लोक म्हणतात, ती बाई म्हणजे देवीच. बिलकुल नाही. तिच्या टाचांना भेगा होत्या आणि जाताना तिने चिमूटभर तंबाखू मागून नेली. नेमकी त्याच वेळी माझ्या दारात ती का आली, हे मला कळलेलं नाही. विचारणंही मी सोडून दिलं आहे.

गिरिजा गेली त्याचा माझा राग अजून गेलेला नाही. आधी वाटायचं, देवापुढे बसायचं तर मन निर्मळ पाहिजे. मग मला जन्मात बसता आलं नसतं. मी रोज आहे तशी जाऊन बसते. हातून होण्यासारखं असेल ते आधी उठून करते आणि न होणारं त्याच्यापुढे टाकते, कधी चांगलं बोलून, कधी भांडून. त्याने आजवर मला हाकलून दिलेलं नाही. माझ्यासारखीवर एवढे उपकार पुष्कळ झाले.