बैल अकोल्यापर्यंतच दिले होते

मुलांनो, तुमच्यापैकी जो तिकडे परदेशी कायदा शिकतो आहे त्याला कराराची पहिली प्रकरणं कोरडी लागतात, असं कळलं. मला ती कधी कोरडी लागली नाहीत. मी ती शिकले तेव्हा आमचे दोन बैल मेले होते आणि ते भरून देणं कुणावर येतं हे ठरायचं होतं. सगळं क्रमानं सांगते. मध्ये कुणाबद्दल बरं बोलायची वेळ आली तर बोलेन. फारशी येणार नाही.

अमेरिकेत लढाई जुंपून तिथला कापूस बंद झाला होता आणि विलायतेतल्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा झाला होता. अमरावतीच्या बाजारात ज्याला काल कुणी पाणी विचारत नव्हतं तो दलाल आज अत्तर लावून फिरत होता. माझे वडील वारले होते. आईकडे थोडं काळं रान होतं, ते बटईनं, पिकाच्या वाट्यावर दिलेलं. घर चालायचं ते एका बैलबंडीच्या भाड्यावर, आणि बंडी चालायची एका बैलजोडीवर. जोडी गेली की बंडी म्हणजे दारात उभं केलेलं लाकूड, हे आई रोज बोलून दाखवायची.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. नागपूरला मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकून आलेले, आणि कचेरीत मुखत्यारी करणारे, म्हणजे लोकांच्या वतीनं अर्ज-दावे चालवणारे. घरात ते आमच्यासारखंच बोलायचे, कचेरीचा उंबरा ओलांडला की पुणेरी. त्यांचे डोळे अधू होत चालले होते. इंग्रजी कायद्याची पुस्तकं वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं आणि पगार देऊन माणूस ठेवायची दानत नव्हती, म्हणून त्यांनी मला अक्षरं शिकवली.

"अर्थ इचारायचा नाई," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "तू फक्त वाच. अर्थ माह्यापाशी हाये."

चुकलं की लाकडी पट्टी बोटांवर यायची. त्यामुळे मी चुकणं लवकर सोडलं आणि अर्थ मात्र चोरून घेत गेले. त्यांचे उपकार मी मानावेत असं पुढे अनेकांनी सुचवलं. मी मानले नाहीत.

त्या वर्षांत बाजारात सौदा उपरण्याखाली व्हायचा. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसत, हातांवर उपरणं टाकत आणि आत बोटं धरून भाव सांगत. एक बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच, पेरावर दाबलं तर अर्धा. शेजारच्याला भाव कळू नये एवढाच त्यातला हेतू. कापसाच्या पाठोपाठ बंड्यांचं भाडंही तसंच ठरू लागलं, कारण बंड्या कमी पडत होत्या आणि एकानं किती दिले हे दुसऱ्याला कळलं की तो चढवून द्यायचा. आम्ही पोरंसुद्धा ओट्यावर बसून ओढणीखाली चिंचोके विकायचो.

पण बाईमाणूस परक्या पुरुषाच्या हातात हात कसा देणार? म्हणून आईच्या बंडीचा सौदा काका करायचे. आई जरा दूर, कडुलिंबाखाली, बैलांच्या कासऱ्याशी उभी असायची. त्या दिवशी मीही होते. एका अडत्याला, म्हणजे शेतकऱ्यांचा कापूस विकून देणाऱ्या दलालाला, बंडी हवी होती. हाकणारा गडी त्याचाच. आई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "भाऊजी, अकोल्यापावतोर सांगजा. अकोला, आनि वापस. त्याच्या म्होरं नाई."

"सांगतो नं, वहिनी," काका म्हणाले आणि उपरण्याखाली हात घातला.

बंडी गेली. परत आला तो फक्त गडी, पायी. अकोल्याला भाव पसंत पडला नाही म्हणून अडत्यानं तीच बंडी तशीच पुढे पिटाळली होती, खानदेशात जिथपर्यंत आगगाडी आली होती तिथपर्यंत. वर आणखी माल चढवला. मलकापूरच्या पुढे एक बैल बसला तो उठलाच नाही. दुसऱ्याला एकट्याला जुंपून पाहिलं, तोही गेला. हे सांगताना गडी रडत होता. अडत्या रडत नव्हता.

आई त्याच्या दुकानापाशी गेली. तो गादीवर बसून पान लावत होता.

"बाई, मले काहून इचारता? तुमच्या देराले इचारा. सौदा त्यायच्याशी झाला."

काकांना विचारलं तर ते भिंतीकडे बघत म्हणाले, "ठरलं होतं, वहिनी. गरज पडली तर म्होरं न्यायची, अन् जनावराचं काई झालं तर ते मालकाच्या माथी."

"कवा ठरलं?"

"उपरण्याखाली."

"आनि मले काहून नाई सांगतलं?"

"तुमाले काय समजते त्याच्यातलं?"

त्या अडत्याचे सगळे दावे काका चालवायचे. बैल दोनच होते, दावे पुष्कळ. हिशेब त्यांनी केला असणारच.

त्याच आठवड्यात मी त्यांना वाचून दाखवत होते त्या पानावर भाड्यानं घेतलेल्या घोड्याचं उदाहरण आलं. एका गावापर्यंत म्हणून घोडा घेतला आणि त्यापुढे नेला, तर पुढे जे होईल त्याची भरपाई नेणाऱ्यानं करायची, त्यानं काळजी घेतली असली तरी. मी वाचता वाचता थांबले.

"काका, हे बैलांनाही लागतं का?"

पट्टी बसली. म्हणजे लागत होतं.

आईला मी चुलीपाशी हे सांगितलं. तिनं भाकरी उलटली आणि विचारलं, "मंग भाऊजी काहून नाई म्हनून राह्यले?"

मला तेवढंही कळत होतं, कारण पुस्तकातलं मागचंच प्रकरण ते होतं. आपण ज्याला आपल्या वतीनं बोलायला पाठवतो त्याचं बोलणं आपलं धरलं जातं. काकांचा हात हा कायद्यात आईचाच हात. त्या हातानं पुढे न्यायला कबुली दिली असेल तर घोड्याचं उदाहरण आपल्या उपयोगाचं नाही, आणि आत काय झालं हे दोघांशिवाय कुणी पाहिलेलं नाही. दोघंही एकच सांगणार.

आईनं भाकरी तव्यावरून काढली. मग म्हणाली, "तुमी पोट्टे चिंचोके इकता तवा बोटानं काय काय सांगता?"

"भाव."

"आनि?"

"आणि काही नाही. आकडेच असतात, माय."

"इचार करून सांग. कुठं न्यायचं ते सांगता येते का? मेला तर कोनाच्या माथी, ते?"

नव्हतं येत. बोटांना तेवढी भाषाच नव्हती. बाजारातल्या प्रत्येक माणसाला हे ठाऊक होतं, आणि म्हणूनच कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आईनं तहसील कचेरीत दावा लावला. अर्ज दुसऱ्या माणसाकडून लिहून घेतला. दिराविरुद्ध जाते म्हणून आळीतल्या बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. एकीनं तर पाणवठ्यावर ऐकवलं, "बैलासाठी घर मोडते माय हे." आई म्हणाली, "घर बैलावरच उभं होतं, बाई," आणि घागर उचलली.

तहसीलदार पूर्वी निजामाच्या चाकरीत होते. मराठी समजायचे, बोलायचे मात्र दखनी. ओसरीवर त्यांची बैठक, आई एका टोकाला पदर ओढून बसलेली, मी तिला खेटून. अडत्यानं आपलं म्हणणं सांगितलं. काकांनी पुणेरीत दुजोरा दिला, "होय, माझ्या हातानेच तसे ठरले."

आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "साहेब, भाऊजीले सांगा, माह्या पोरीचा हात धरा. बैल मेला तर मालकाच्या माथी, हे बोटानं कसं सांगतलं ते तिच्या हातावर दाखवा."

मागे कुणीतरी खोकून हसू दाबलं. तहसीलदारांनी काकांकडे पाहिलं. "दिखाओ."

उपरणं आलं. काकांनी माझा हात धरला आणि आधी नख रुतवलं. मग बोटं दाबली.

"क्या बोले, बेटी?"

"साडेसात."

"और?"

काकांनी पुन्हा दाबलं, जोरात.

"तीन."

"हिला काय कळतंय," काका म्हणाले. "लहान आहे."

"बराबर," तहसीलदार म्हणाले. त्यांनी काकांना जवळ बोलावून कानात काही सांगितलं आणि तेच आता अडत्याच्या हातावर सांगायला लावलं. दोघांचे हात उपरण्याखाली बराच वेळ हलत राहिले. काकांच्या कपाळावर घाम होता.

"बोलो, क्या समझे?"

अडत्या छाती काढून म्हणाला, "हेच म्हनलं, नुकसान झालं तर ते मालकाच्या माथी."

"हम तो पूछे थे, घर में सब खैरियत?"

ओसरी हसली. काका हसले नाहीत, आणि मला त्या दिवशी माझ्या हाताची आग जाणवली नाही. निकाल सरळ होता. हातानं ठरलं ते भाडं; तोंडानं, चारचौघांसमोर ठरलं ते अकोला. अकोल्यापुढे बैल अडत्याच्या जबाबदारीवर गेले, तेव्हा त्यानं तशीच जोडी द्यावी आणि वाटेत पडलेली बंडी आणून पोचवावी.

त्यानं पहिल्यांदा आणली ती जोडी अशी की डावा बैल तीन पायांवर उभा आणि उजव्याचे दात झिजून गेलेले. आईनं जबडा उघडून पाहिला आणि म्हणाली, "याले माह्या सासऱ्यानं वळखलं असतं." जोडी परत गेली. दुसरीही गेली. तिसरी तिनं जुंपून, भरली बंडी चढावर ओढवून, मग घेतली. 'तशीच' या शब्दाचा अर्थ मी तिथे शिकले. पुस्तकात तो फार मोघम दिलेला होता.

काकांनी आमची चूल वेगळी केली, मग विहीर बंद केली. आईनं आपला संसार त्याच बंडीत भरला आणि आम्ही अकोल्याला मामाकडे गेलो. निघताना काका दारात आले नाहीत. मरेपर्यंत ते सांगत राहिले की भावजयीनं कचेरीत नाक कापलं. कापणाऱ्यानं उपरणं त्यांचंच वापरलं होतं हे ते सांगत नसत.

अकोल्याच्या बाजारात आईनं सौदा स्वतः करायला सुरुवात केली, आणि तोंडानं. भाडं, गाव, ओझं, सगळं मोठ्यानं. पुरुष चिडायचे. "बाई, हळू बोला नं, साऱ्या बाजारानं आयकलं."

"त्याच्यासाठीच बोलून राह्यली."

पुढच्या हंगामात तो अमरावतीचा अडत्या तिथे आला. त्याचा कापूस उघड्यावर पडलेला, आभाळ भरून आलेलं, आणि बंडी कुणाकडेच मोकळी नव्हती, आमच्याशिवाय. तो दुप्पट भाडं बोलला. आईनं ऐकून घेतलं.

"कुठपावतोर?"

त्यानं गाव सांगितलं, चढ्या आवाजात, कारण तिनं दोनदा 'आयकू नाई आलं' म्हटलं.

"आनि बैल मेला तर?"

तो इकडे तिकडे पाहू लागला. लोक जमले होते.

"मेला तर कोनाच्या माथी, अडते? हात नका दाखवू. बोला."

चारचौघांत, एका बाईसमोर, 'माझ्या माथी' म्हणण्यापेक्षा त्यानं उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि तो चालू लागला. आईनं बैलांना पुन्हा वैरण टाकली. कापूस त्या दिवशी भिजला, हे आम्हाला मामानं सांगितलं. आई तेव्हा लसूण सोलत होती, ती सोलत राहिली.