जमावापुढची बाई

"बाईमाणसाला जमाव आवरत न्हाई," पुढारी म्हणाला. तोंडात भजं. बैठकीत मी त्याच्या समोरच बसले होते.

आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात अधीक्षकाची जागा रिकामी झाली होती. सगळ्यांत जुनी डॉक्टर मी. बाळंतपणाचा वॉर्ड माझा. त्या पुढाऱ्याची दोन्ही नातवंडं माझ्याच हातची. तरी चार्ज गेला माझ्या कितीतरी मागून आलेल्या हाडांच्या डॉक्टरकडे. का, तर पेशंट दगावला की नातेवाईक चालून येतात, तिथं पुरुष पाहिजे. बैठकीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

कारण दवाखान्याच्या काचा फुटायला लागल्या की हेच पुरुष डॉक्टर एक्स-रेच्या खोलीत शिरून आतून कडी घालायचे. शिपायाला सांगायचे, "म्याडमला पुढं करा. बाईवर हात न्हाई टाकत कुणी." टाकतात. माझ्या कपाळावर चपलेचा वण आहे. तरी मी उभी राहायचे. मेलेल्याच्या आईला पोटाशी धरायचे, बापाला पाणी द्यायचे. सगळं निवळलं की साहेब लोक बाहेर यायचे आणि पोलिसांना सांगायचे, "आवरलं आमी."

मार खायला बाई चालते. खुर्चीत चालत नाही.

परवा तलवाड्याकडचा एक तरणा पोरगा अपघातात गेला. फाटकाशी गर्दी जमली, आरडाओरडा सुरू झाला. नवे अधीक्षक एक्स-रेच्या दारात उभे.

"म्याडम, जावा की पुढं. नेहमीसारखं."

"सायेब, चार्ज तुमच्याकडं हाय. तुमीच जावा."

"आवो, मला मारतील!"

"मला बी मारलंय."

वॉर्डात एकीला कळा सुरू होत्या. मी तिच्याकडे गेले. बाहेर अधीक्षकांचा कापरा आवाज ऐकू आला. पोलीस येईपर्यंत त्यांची कॉलर फाटली होती. मला वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुढारी दारात हजर. "म्याडम, रुसलाव व्हय? कावून येवढा राग?"

"रुसले न्हाई. माझी खुर्ची मागतेय."

तो हसला. मग हसू आवरून म्हणाला, "बदली व्हईल बरं का."

चार्जच्या आदेशाविरुद्ध मी दाद मागितली आहे. नवऱ्यालाही सांगून ठेवलंय, समजूत घालायला येऊ नकोस. जमावापुढे मी परत जाईन, पण अधीक्षक झाल्यावर. आणि बदली करायची तर खुशाल करा. जिथं टाकाल तिथंही मी खुर्चीच मागणार.