पायलने दिलेला स्टॅच्यू

आधीच स्पष्ट करते — मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे, आणि ‘असलं काही नसतं’ हे वाक्य घरात इतक्यांदा उच्चारलं आहे की आई मला त्यावरून चिडवते. इतरांचे असे अनुभव वाचताना मी मनातल्या मनात कारणं शोधत असे. बहुतेकदा ती सापडतही. हा अनुभव माझा स्वतःचा आहे, आणि इथे मात्र माझी गाडी अडली आहे...

स्थळ ओतूर, साल २००३, उन्हाळा. एसटी स्टँडच्या मागच्या आळीत आमचं घर. पुढच्या खोलीत आई पाळणाघर चालवत असे. त्या खोलीतून स्वयंपाकघर, आणि त्याच्या दारातून सरळ समोर दिसणारा परसातला हौद — काठ जेमतेम गुडघ्याएवढा. पीएच.डी.च्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करायला मी घरी आले होते. आई कामाला बाहेर गेली की मुलं माझ्या ताब्यात.

मुलांचा जीव माझ्या भावाच्या जुन्या टीव्ही गेममध्ये अडकलेला. कॅसेट घालायची, दोन रिमोट. त्यातला एक बिघडलेला. नियम साधा होता : एक लाइफ संपली की रिमोट पुढच्याकडे. पाळत कुणीच नसे. घड्याळ लावलं, ओरडून पाहिलं, गेम कपाटात ठेवला — रडारडीखेरीज निष्पन्न काही झालं नाही. मग माझ्या लक्षात आलं की ही मुलं मला जुमानत नाहीत, पण ‘स्टॅच्यू’ला जुमानतात. कुणी स्टॅच्यू दिला की जागच्या जागी थिजायचं, आणि ज्याने दिला त्यानेच ‘ओव्हर’ म्हणेपर्यंत हलायचं नाही — हा कायदा त्यांच्या लेखी अटळ. मग मी स्टॅच्यू द्यायचा, शांतपणे रिमोट काढून पुढच्याच्या हातात ठेवायचा, आणि ओव्हर! उपाय इतका अचूक चालला की मी मनातून खूश होते.

“तू देती, मग आमीबी तुला देणार,” सोहमने हट्ट धरला. न्याय्य मागणी होती. मी हो म्हटलं.

त्या दुपारी पायल — बाजारपेठेतल्या कापडदुकानदाराची मुलगी — रिमोट सोडायला तयार नव्हती.

“पायल, लाइफ संपली. सोहमला दे.”

“नाही संपली! बोनस मिळाली मला.”

“चीटर हाये ही, ताई! कवापासून बूड चिकटलंय हिचं!”

तेवढ्यात दोन वर्षांचा चिनू खोलीत नाही हे मला जाणवलं. मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, चौकटीला हात लावला. तो परसात हौदाकडे चालला होता. धुणं नुकतंच झालं होतं, झाकण बाजूला होतं, पाण्यावर लाल मग तरंगत होता.

“स्टॅच्यू, ताई!” मागून पायल ओरडली.

आणि मी थांबले. म्हणजे — थांबवली गेले. श्वास चालू होता, डोळे उघडे होते. बाकी शरीरातलं काहीही माझं उरलं नव्हतं.

“बघ, ताई कशी उभी राह्यली! लई भारी करती राव!”

“सोड की तिला, पायल.”

“थांब, एवढा राक्षस मारू दे.”

पाठीमागे गेमची तीच धून पुन्हा पुन्हा वाजत होती. समोर चिनू काठावर पोट टेकून वाकला. पाय जमिनीवरून सुटले. तो आत कलंडला... आणि तसाच राहिला. डोकं खाली, पाय हवेत, बोटं त्या लाल मगापासून जराशी दूर. त्याचा गुरुत्वमध्य काठाच्या पलीकडे गेलेला होता. तो पडायलाच हवा होता.

धून तुटली. “लाइट गेली!” — मुलं आरडाओरडा करत पुढच्या अंगणात पळाली. मी किंचाळत होते. आवाज फक्त माझ्या डोक्यात होता. बाहेर लपाछपीसाठी भांडण सुरू झालं, कुणावर तरी राज्य आलं. मला सगळं ऐकू येत होतं. कुणी आत येत नव्हतं. चिनूच्या पायातला एक बूट निसटून खाली पडला. तो स्वतः पडला नाही.

शेवटी मागे पावलं वाजली.

“अय्या! तुला सोडायचंच राहिलं. अगं, पण चिनू बघ कसा... ओव्हर, ताई, ओव्हर!”

चौकटीवरचा हात सुटला आणि त्याच क्षणी पाणी उसळलं. धावत जाऊन मी त्याला सदऱ्याला धरून वर ओढलं. तो खोकला, मग भोकाड पसरलं. त्याचं ते रडणं मला आजही ऐकावंसं वाटतं.

“उभ्या उभ्या पेंगली असशील,” आई संध्याकाळी म्हणाली. “झोप कुठं घेतीस तू?” पुण्यात मेंदूच्या तपासण्या केल्या, सगळं व्यवस्थित निघालं. ताण, अपुरी झोप, मनाचा खेळ — माझ्यापुरतं मी यातलं काहीही मान्य करीन.

पण दुसऱ्या दिवशी पायलने रिमोटला हात लावला नाही. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “ताई, मी स्टॅच्यू फक्त तुला दिला होता. मग चिनू का पडत नव्हता?”