चंद्रभागा सिस्टरांचा पेशंट

ज्ञानदेव वाघमारे बस डेपोत मेकॅनिक होते, बायको चंद्रभागा दवाखान्यात सिस्टर. निवृत्त होऊन दोघं हडपसरला फ्लॅटमध्ये राहायला आली आणि पाचव्या वर्षी चंद्रभागेला विसर पडायला लागला. आधी गॅस, मग मुलीचं नाव, मग नवरा.

रोज सकाळी ती पर्स घेऊन दाराशी उभी. "सोडा मला. ड्यूटीला उशीर होतोय."

"अगं, रिटायर झालीस तू!" ज्ञानदेव समजावून थकले. ती रडायची, नाहीतर ओरबाडायची. एक दिवस वैतागून ते पलंगावर आडवे झाले. "सिस्टर, इथे पेशंट आहे की!" तिनं पर्स ठेवली आणि त्यांची नाडी धरली.

तेव्हापासून दोन वर्षं ज्ञानदेव रोज सकाळी आजारी पडत होते. त्याच जोरावर तिच्या गोळ्या, तिची आंघोळ उरकायची.

हिंजवडीला नोकरी करणारी मुलगी कल्याणी म्हणायची, "बाबा, एखादी बाई ठेवू या."

"परक्या माणसाला तिचं काय कळणार?"

ऑगस्टमध्ये त्यांना खराच ताप भरला. चंद्रभागा दार बडवत होती. नाटक करायचं त्राण उरलं नव्हतं. त्यांनी तिला दंडाला धरून खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. जरा वेळानं बडवणं थांबलं. त्यांचा तिथंच सोफ्यावर डोळा लागला.

दोन तासांनी कडी काढली, तर ती कोपऱ्यात ओल्या साडीत बसलेली. त्यांना बघून तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.

त्यांनी कल्याणीला फोन लावला. "मी तुझ्या आईला कोंडलं," एवढंच म्हणाले.

"निघते मी. रागवायला नाही येत, बाबा."

आता सकाळी श्रद्धा नावाची बाई येते. बुधवारी ज्ञानदेव असे विसरभोळे पेशंट सांभाळणाऱ्या घरच्या माणसांच्या बैठकीला जातात. पहिल्या दिवशी त्यांनी कडीचं सांगितलं, तेव्हा शेजारी बसलेले गृहस्थ खाली बघत म्हणाले, "आमच्याकडेही झालंय." धीर बिर कुणी दिला नाही. तरी त्या दिवशी त्यांना घरी पोटभर जेवण गेलं.

चंद्रभागा श्रद्धाच्या हातून शांतपणे खाते. ज्ञानदेव जवळ आले की मात्र अंग चोरते.

"विसरतील हो त्या," श्रद्धा म्हणाली.

"सगळं विसरली. हे तेवढं राहिलं."

हल्ली तिच्या जेवणाच्या वेळी ते बाल्कनीत जाऊन बसतात.