पाठ लांबला आणि वाटी बुडाली

श्योपुरकडच्या एका गावातून फोन आला. "भाईसाहब, मास्साब नहीं रहे." बोलणारा दादाचा जुना विद्यार्थी होता. 

दादा माझा थोरला भाऊ. ग्वाल्हेरला खासगी बाजार या पेठेत आम्ही वाढलो. घराणे दरबारच्या पुरोहितांचे. दादा मात्र विज्ञान शिकवी. संस्थान विलीन झाले, पुढे नवे राज्य आले आणि जुन्या मास्तरांची छाननी सुरू झाली. इन्स्पेक्टर एक पाठ पाहणार आणि शहरात कोण राहील ते ठरणार. वडील नव्हते, मी इंदूरला वर्तमानपत्रात नोकरीला. आई गुडघ्यांनी अधू, आणि ग्वाल्हेर सोडायचे नाही हा तिचा हट्ट. दादाची बदली झाली असती तर ती एकटी पडणार होती.

पाठ होता, जहाज का तरंगते. दादाने देवघरातले घटिकापात्र घेतले. लग्नात मुहूर्त मोजायची ही तांब्याची वाटी. तळाच्या बारीक छिद्रातून चोवीस मिनिटांत भरते आणि बुडते. रजेवर आलेलो मी म्हणालो, "अरे, ही बुडणारी वाटी आहे!"

"इतकी सरळ तरंगणारी दुसरी नाही घरात. आणि पाठ पंधरा मिनिटांचा आहे. तू आपल्या बातम्या बघ."

पुढचे मी त्याच्याकडून आणि त्याच्या सहकाऱ्याकडून वेगवेगळे ऐकले, दोन्ही जुळते. त्याने तांब्याचा तुकडा पाण्यात टाकला, तो बुडाला. वाटी सोडली, ती तरंगली. वाटी पोकळ, म्हणून ती पुष्कळ पाणी बाजूला सारते. त्या पाण्याचे वजन वाटीइतके झाले की ती आणखी खाली जात नाही. इन्स्पेक्टर रंगले. प्रश्नामागून प्रश्न विचारू लागले. पाठ चांगला झाला, म्हणूनच लांबला. आणि वाटी डुबुक करून तळाशी गेली.

वर्ग हसला. "मास्टर साहब, आपका जहाज तो डूब गया!"

आत पाणी शिरले, वजन वाढले, म्हणून बुडाली. हे मुद्दामच दाखवायचे होते, एवढे म्हटले असते तरी निभावले असते. दादा म्हणाला, "भूल हुई, साहब. नीचे छेद है. मुझे लगा आप जल्दी उठ जाएँगे."

महिन्याने श्योपुरकडच्या त्या गावी बदलीचा हुकूम आला. कारण त्यात नव्हते. मी चिडलो. "एक वाक्य खोटं बोलला असतास तर?"

आई कोपऱ्यात बसून ऐकत होती. "खरं बोललास ना?" तिने दादाला विचारले. त्याने मान हलवली. "मग माझी खाट बांधायला घे. श्योपुरच्या त्या छोट्या आगगाडीत मावेल ना?"

आई त्या गावी सहा वर्षे जगली. ती गेल्यावर ग्वाल्हेरला परतायला अर्ज कर, असे मी कितीदा लिहिले. त्याचे एकच उत्तर आले: "माझ्या एका वाक्यावर ती इथे आली. आता मी कुठे जाऊ?"

गेल्या महिन्यात त्याची खोली आवरायला गेलो. दादाचे अंथरूण जमिनीवर होते. शेजारी आईची खाट, तिच्यावर धुतलेली चादर.