लुलिंगच्या पंपाचा ठेका

व्हर्ना ह्रुस्का आमच्या रेडिओ स्टेशनवर पहिल्यांदा आली तेव्हा सदुसष्ट वर्षांची होती. टेक्सासच्या खेड्यापाड्यांतून तिने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती. नवरा एल्रॉय गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून ती ऑस्टिनला बहिणीच्या शेजारी राहायला आली.

दारातच म्हणाली, "मला टायपिंग येत नाही. माईकसमोर बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. पण मला ऐकता येतं."

"काय ऐकता?" मी विचारलं.

"सायकेडेलिक रॉक. त्यात इलेक्ट्रॉनिक यंत्रं घुसवलेली असली तरी चालतं. शुक्रवारी बसमध्ये पोरांना त्यांच्या कॅसेटी लावू द्यायची मी. एकीच्या कॅसेटमधली गिटार पाण्याखालून आल्यासारखी वाजायची. तेव्हा जो नाद लागला तो लागलाच."

आमचं स्टेशन स्वयंसेवकांवर चालतं. कुठकुठले नवे बँड गाणी पाठवत आणि पाकिटं खोक्यांत धूळ खात पडत. ती खोकी आम्ही तिच्या पुढ्यात ठेवली. दुपारी दोन ते पाच ती हेडफोन चढवून खिडकीशी बसू लागली. गाणं कितीही लांबलं तरी अर्धवट सोडायचं नाही, हा तिचा नेम. ऐकून झालं की पाकिटावर पेन्सिलीने शेरा: "पहिली चार मिनिटं नुसता धूर, मग दार उघडतं." "गायक घाबरलाय, पण खरा आहे." "ड्रमवाल्याला कुणीतरी पोटभर जेवू घाला." आमचे निवेदक आधी हसले. वर्षभरात अशी वेळ आली, की तिचा शेरा वाचल्याशिवाय नवा बँड कुणी लावीना.

एका दुपारी तिने मला हाक मारली. "हे ऐक. मध्ये बोलू नकोस."

कॅसेटवर 'कॅलिची' एवढंच नाव होतं. पत्ता नाही, फोन नाही. एका बाईचा आवाज, मागे सिंथेसायझरचे लांब थरथरते सूर आणि खाली संथ ठेका. धप्प, मग बारीक कुरकुर, पुन्हा धप्प.

"ड्रम झकास आहे," मी म्हटलं.

"ड्रम कसला! जमिनीतलं तेल उपसायचा पंप आहे तो. लुलिंग गावातला, रेल्वे फाटकाजवळचा. रोज तिथे बस थांबली की ही कुरकुर ऐकायची मी."

"व्हर्नाबाई, लुलिंगमध्ये असे पंप पैशाला पासरी आहेत."

"माझ्या बसमध्ये चाळीस पोरं असायची. मागे कोण शिंकलं ते मला वळून न बघता कळायचं," ती म्हणाली. वाद संपला.

शनिवारी सकाळी आम्ही लुलिंगला गेलो. पंप सापडला, आणि त्याच्या मागे पत्र्याच्या छपराचं घर. दार उघडलं ते मारिसेलाने. ती चाळिशीची, वृद्धाश्रमात काम करणारी; कॅसेटवरचा आवाज तिचाच. व्हर्नाच्या हातातली कॅसेट बघून तिचा चेहरा पडला.

"पंपाच्या मालकाने तक्रार केली का?"

"नाही गं बाई. नऊ वेळा ऐकली मी ही. पत्ता का नाही लिहिलास?"

आतून म्हातारा आवाज आला. "मीच नको म्हटलं! पत्ता दिला की नकार घरी येतो."

तो तिचा बाप, युसेबिओ. उभा जन्म लग्नांतून अ‍ॅकॉर्डियन वाजवण्यात गेला. मग अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि त्याने बोलणंच टाकलं. मारिसेलाने जुना सिंथेसायझर आणला आणि त्याचा डावा हात उचलून पट्ट्यांवर ठेवला. सुरांमागोमाग त्याचं बोलणंही परत आलं.

"ते सूर थरथरतात ते..." व्हर्ना अडखळली.

"आधी हात थरथरायचा," युसेबिओ ऐटीत म्हणाला. "आता मी थरथरवतो."

मक्याच्या पानात वाफवलेले तमालेस खाता खाता व्हर्नाने त्यांना स्टेशनवर वाजवायला बोलावलं. म्हाताऱ्याने खाणं थांबवलं. "एका हाताने? जुने सोबती ऐकतील, कीव करतील."

"रेडिओवर हात दिसत नाही, युसेबिओ."

तो खदखदून हसला. मारिसेलाने मान वळवून डोळे पुसले.

एप्रिलमध्ये भर दुपारी ते दोघं आमच्याकडे थेट वाजवायला बसले. तिसऱ्या गाण्यात म्हाताऱ्याचा हात थांबला. मारिसेलाही गायची थांबली. टेपवरचा पंप तेवढा धप्प, धप्प चालू. मी दुसरं गाणं लावायला बटणाकडे हात नेला, तोच व्हर्नाने माझं मनगट घट्ट धरलं. अर्धं मिनिट असेल, मला तासाएवढं वाटलं. मग युसेबिओने एक बोट खाली टेकवलं, त्यातून सूर उमटला आणि मारिसेलाने तो उचलला.

कार्यक्रम संपताच फोन वाजू लागले. त्यातला एक चोन नावाच्या म्हाताऱ्याचा होता. "ते अ‍ॅकॉर्डियनसारखं वाजवणारं पोरगं कोण हो? थांबायची हिंमत आहे त्याच्यात."

मी फोन युसेबिओला दिला. चोनने लग्नांतून चाळीस वर्षं त्याला गिटारवर साथ केली होती. झटक्यानंतर युसेबिओने त्याला घरात पाऊल ठेवू दिलं नव्हतं.

"मीच रे तो, गाढवा," युसेबिओ म्हणाला. "रविवारी घरी ये."

त्याला चार वर्षं झाली. 'कॅलिची'च्या दोन तबकड्या निघाल्या. दुसरीवर चोनची गिटार आहे. रविवारी तिघं त्या पत्र्याच्या घरात वाजवायला बसतात आणि व्हर्ना जेवायला तिकडेच असते. तिची बहीण फुरंगटून म्हणते, ही आता आमची राहिलीच नाही.